दुसरं माकड

मी काही पोरीची बॅग तपासाले गेली नव्हती, एवढं आधीच सांगतो. धुण्याचं पाणी काढलं होतं, साबण भिजत होता, अन् तिचे दोन ड्रेस प्रवासात मळले म्हणून बॅगेत हात घातला. हाताले लागल्या त्या तीन पांढऱ्या डब्या. गोळ्यांच्या. मले त्या डोळे मिटूनही ओळखू येतील. पोरगी पाच-सहा वर्षांची होती तवापासून या डब्या घरात आहेत. रंग बदलले, औषध बदललं, चार गोळ्यांच्या दोन झाल्या, दोनाची एक झाली. म्हटलं असू दे, अन् परत ठेवाले गेली. पण अर्धी सरलेली डबी हलवली की खुळखुळते, तशी एकही खुळखुळली नाही. झाकण पाहिलं तर झाकणावरचं प्लास्टिक तसंच. दुसरीचं तसंच. तिसरीचंही. गोळ्यांच्या सेंटरवर डबी देताना तिच्यावर पेनानं तारीख टाकून देतात. दिवाळीच्या आधीची तारीख होती, अन् आता होळी तोंडावर आलती. मी अख्खी बॅग उपसली, कोपऱ्यात, खिशात, चपलांच्या पिशवीत, कुठंतरी एखादी फोडलेली डबी असन म्हणून. नव्हती. मी डब्या होत्या तशा परत ठेवल्या.

मग धुणं धुतलं. कसं धुतलं ते विचारू नका, एकच बाही धा वेळा घासली असन. बाहेरच्या खोलीत माही प्रियंका पोहे खात बसली होती, मांडीवर लॅपटॉप, कानाले फोन, अन् हसून राह्यली होती कोणाशी तरी. हसून राह्यली! वाटलं जावं अन् त्या तिन्ही डब्या तिच्यासमोर आपटावं. पण पाय उचलला नाही. बोलण्यात मी कोणाच्या बापाले भेत नाही, गल्लीत विचारा. नळाच्या पाण्यावरून भल्याभल्यांची जिरवली आहे. पण खरी भीती लागली की माही जीभच जाते. पहिल्यापासून तसंच आहे. आम्हा दोघी मायलेकींले एचआयव्ही आहे. झालं सांगून. मले आला रक्ताच्या बाटलीतून. पहिलं पोट पडलं तवा अंगातलं रक्त सगळं गेलतं, कोणाचं तरी आणून चढवलं, अन् त्या काळात कोण काय तपासत होतं. पुढं प्रियंका झाली, तिले माह्याकडून आला. पोटात असताना आला का दुधातून आला, हे कोणी सांगू शकलं नाही, अन् मीही विचारणं सोडून दिलं. पण गंमत पाहा. जिच्याकडून आला तिले काहीच झालं नाही. तीस वर्षं होत आली, एक गोळी घेतली नाही मी. डॉक्टर दरवर्षी म्हणतात, घ्या बाई, आता सगळ्यांले देतो, नियम आहे. मी म्हणतो, कायले? ठणठणीत माणसाले कायले? अन् माही पोरगी मात्र त्या गोळ्यांवर जगून राह्यली. म्हणजे राह्यली होती.

ऊन ओट्यावर आलं तशी चक्की चालू केली. या दिवसांत काम दुप्पट असते, कुरड्या-पापडाचे दिवस, गल्लीतल्या बायांचे डबे दारापर्यंत लागतात. चक्की चालू झाली की एक बरं असते, आवाजात कोणाचं काही ऐकाले येत नाही, अन् आपण तोंडातल्या तोंडात काही बोललं तरी कोणाले कळत नाही. मी बोलत होती. दिवाळीपासून, दिवाळीपासून, एवढंच. पीठ उडून भुवयांवर बसत होतं अन् मी दगडाकडं पाहून दिवाळीपासून म्हणत होती. तेवढ्यात रुपीबाई आली. ती बाभुळगावकडच्या तांड्यावरची, पण तिचा ल्योक इथं एसटीत आहे म्हणून अर्धा महिना इथंच असते, अन् ज्वारी दळून घ्याले माह्याकडंच येते. बाई मोठी प्रेमळ, पण तोंडाले कुलूप नाही. वरडून म्हणते, "कांताबाई, पोरगी दिसली वं सकाळी. काहून इतकी वाळली? गालं बसले पोरीचे. पुण्याले खायाले भेटत नाही का?" मी म्हटलं, "अभ्यास असते तिले." तर म्हणते, "अभ्यासानं गालं नाही बसत, बाई. लगन करून टाक." मी म्हटलं, "तू तुहं पीठ पाहा, जाडं पडून राह्यलं का बारीक ते." ती हसली. मीही हसली, दात दाखवले नुसते. पण तिनं म्हटल्यावर माह्या डोळ्यासमोर पोरीचे गाल आले अन् जायेच ना. काल रात्री गाडीवरून उतरली तवा मीच म्हटलं नव्हतं का, की बारीक दिसून राह्यली? म्हटलं होतं. पण सगळ्याच माया म्हणतात तसं म्हटलं होतं.

मी तिले एकदा वाळताना पाहिलेलं आहे. म्हणून भेतो. ज्यानं पाहिलं नसन त्यानं खुशाल म्हणावं की काही होत नाही. दोन वर्षांची होती. आधी तोंड आलं, जिभेवर पांढरं, दह्याची साय लावल्यासारखं, पुसलं की खालून लाल, अन् पोरगी दूध तोंडात घेऊन रडे. मग हगवण. मग ताप, जाये अन् येये. मांड्यांवरची कातडी सैल झाली, मी आंघोळ घालताना ती कातडी हातात येत जाय. सासू म्हणे कोणाची नजर लागली, कळंबच्या पलीकडं एक बाबा आहे, अंगारा देते, उतरवून आणू. मी म्हटलं, आमच्या घरात बाबासाहेबांचा फोटो आहे अन् तुम्ही अंगारा आणता? पाय ठेवू देणार नाही त्याले. खूप भांडली मी, सासूनं आणलेल्या पुड्या गटारात फेकल्या. मोठ्या दवाखान्यात नेली, रक्त तपासलं, पोरीचं निघालं, मग माहं तपासलं, माहं निघालं, मग तिच्या बापाचं तपासलं. फुलचंदचं नाव घेतो मी अजून, कायले नाही घ्यावं. त्याचं चांगलं निघालं. तो कागद हातात घेऊन त्यानं माह्याकडं असं पाहिलं की बस. रक्ताच्या बाटलीचं मी सांगत राह्यली, सांगत राह्यली. सहा महिन्यांत गेला, मुकुटबनकडं दुसरं घर केलं. त्याचं मले काही नाही. मले त्या दवाखान्यातल्या बाकाचं आठवते, पोरगी मांडीवर, डोकं मोठं अन् अंग लहान झालेलं, माश्या हाकलण्याइतकीही ताकद तिच्या हातात नव्हती, अन् बाजूले बसलेल्या बाया पदर सावरून दूर सरकून राह्यल्या होत्या. अन् मी? मी गाईसारखी धडधाकट. डबा घेऊन, पोरगी घेऊन दोन कोस चालत जाऊ शकन इतकी धडधाकट. लाज वाटत जाय मले माह्या अंगाची. तीन-चार वर्षं अशीच मरत-जगत काढली, मग फुकटच्या गोळ्या आल्या सरकारच्या, अन् पोरगी महिन्या-महिन्याले भरत गेली, जसा डबा पिठानं भरते तशी. मी कोणत्याच देवाले हात जोडत नाही, पण त्या गोळीले जोडले असते, लाज वाटली म्हणून जोडले नाही.

मी का धडधाकट, हे मले प्रियंकानंच सांगितलं. ती शिकत गेली, इथून नागपूर, नागपुरातून पुणे, अन् आता तिकडं एका संस्थेत माकडांवर काम करते, लाल तोंडाच्या माकडांवर. माणसाचा जसा एचआयव्ही असते तसा माकडांचा वेगळा एक असते म्हणे. पहिल्यांदा माहं रक्त घेऊन गेली अन् महिन्याभरानं धावत आली, गाडीतून उतरतानाच बोलाले लागली. आई, तुझ्या व्हायरसमध्ये एक जीन तुटलेला आहे, नेफ नावाचा, त्याचा तुकडाच नाही. मी म्हटलं मले समजन असं सांग. तर चक्कीत आली, दगडावर हात ठेवला अन् म्हणे, या दगडाची टाकी गेली की काय होते? म्हटलं, छिन्नीनं मारलेले खड्डे बुजले की चक्की फिरते पण दाणा फुटत नाही. म्हणे, तसंच. तुझ्या अंगात तो फिरून राह्यला, पण दळत नाही. माकडांनाही मुद्दाम तसा तुटका व्हायरस देऊन पाहिलाय, ती माकडं वर्षं न् वर्षं चांगली राहिली, गोळी नाही, काही नाही. काय सांगू, इतका आनंद झाला मले! आजपर्यंत मले ती लाज होती ना, ती गेली. मी वेगळी आहे. हजारांत एक आहे, पोरगी म्हणे. विहारात बायांसमोर सांगावं वाटे, पण सांगता येत नाही, म्हणून चक्कीलेच सांगे. तवापासून दरवर्षी ती निळा डबा घेऊन येते, बर्फ भरते, माह्या हातातून रक्त काढते अन् रातच्या ट्रॅव्हल्सनं घेऊन जाते. याही खेपेले त्यासाठीच आलती. डबा सैपाकघरात ओट्याखाली होता, बर्फ फ्रीजमध्ये. पाच वाजता काढू म्हणालती, सातची गाडी.

पण पुढचंही तिनंच सांगितलं होतं, अन् तेच आज चक्कीच्या आवाजात मले आठवून राह्यलं. दोन-तीन वर्षांआधी, अशीच आलती, ओट्यावर बसून मी हरभरे निवडत होती. म्हणे, आई, एक वाईट निघालं. तोच तुटका व्हायरस माकडांच्या नवीन पिल्लांना दिला, तर पिल्लं आजारी पडली. मरून गेली काही. मी विचारलं, अन् त्यांच्या माया? म्हणे, माया चांगल्या. त्यांना काहीच नाही. मग ती हसून म्हणे, बघ, आपलंच आहे हे. तू माय, मी पिल्लू. पिल्लाच्या अंगात ताकद नसते म्हणून तुटकाही त्याला पुरतो. मी हरभऱ्यात बोटं फिरवत राह्यली. मग तिनं अजून एक सांगितलं, की पुढं काही मोठी माकडंही पडली. व्हायरसनं तो तुटलेला तुकडा आपला आपणच जुळवला होता. मी म्हटलं, दगडाले काही आपोआप टाकी लागत नाही. ती म्हणे, व्हायरस दगड नाही ना आई, तो जिवंत असल्यासारखा चुकतो अन् चुकता चुकता सुधारतो. मले त्या रात्री झोप आली नाही, पण सकाळी उठून मी नेहमीसारखी चक्की चालू केली, कारण मले तर काही झालं नव्हतं. माणूस असाच असते. आपल्याले सोयीचं तेवढं लक्षात ठेवते.

जेवाले बसलो तवा मी तिच्या तोंडाकडं पाहत होती. घास घ्याले तोंड उघडलं की जीभ दिसते का. वांग्याची भाजी केलती, तिखट, मुद्दाम तिखट केली, की तोंड आलेलं असन तर हाय हाय करन. तिनं पाणी पिलं. तिखटानं पिलं का तोंड आल्यानं पिलं? एकदा खोकली. ठसका लागला का खोकला आहे? मी म्हटलं, "आ कर जरा, दाताले काही लागलं दिसते." तिनं जिभेनंच दात चाचपला अन् म्हणे, "गेलं का?" जीभ दिसली, पण झरकन गेली, पांढरी होती का नव्हती, माह्यानं सांगता येत नाही. मनगट पाहिलं, घड्याळाचा पट्टा सैल होऊन कोपराकडं सरकत होता. आधीपासूनच सैल होता का? माही मलेच चीड आली. एवढी तोंडाळ बाई मी, अन् पोटच्या पोरीले सरळ विचारू शकत नाही. विचारलं तर ती सांगन, अन् सांगितलं तर ते खरं होईन, याची भीती.

तीनच्या सुमाराले लाइन गेली. चक्की थांबली की एकदम कान बधिर होतात, अन् त्या बधिरपणात माह्या तोंडून निघून गेलं. ती दारात उभी होती, कपाळावरचं पीठ पुस म्हणून मले खूण करत. मी म्हटलं, "प्रियंका, गोळ्या काहून सोडल्या?"

ती दचकली नाही. त्याचंच मले जास्त भेव वाटलं. आत आली, पोत्यावर बसली.

"बॅग पाहिलीस."

"धुणं काढाले गेलती. तू सांग."

"सोडल्या नाहीत आई. थांबवल्या आहेत."

"मले शब्दात नको गुंडाळू. दिवाळीपासून बंद आहेत."

"हो," ती म्हणाली. "शांतपणे ऐक. तुझ्यातला आणि माझ्यातला व्हायरस एकच आहे. मी स्वतः तपासलंय. जो तुकडा तुझ्यात नाही तो माझ्यातही नाही. लहानपणी मी आजारी पडले ते पिल्लू होते म्हणून. आता मी पिल्लू नाही. मोठ्या माकडांना काही होत नाही."

"काही मोठेही पडले म्हणालती तू. तुकडा जुळवला म्हणालती."

"थोडे पडले. आणि त्याला वर्षं लागली. मी दर महिन्याला मोजते आहे ना. रक्तातल्या लढणाऱ्या पेशी खाली आल्या तर सुरू करीन."

"आता किती आहेत?"

ती पोत्याची सुतळी ओढाले लागली. "थोड्या खाली आल्यात. सुरुवातीला येतातच."

मी म्हटलं, "कोणी सांगितलं हे कराले? तुह्या सरांनं?" ती म्हणे, "कोणाला माहीत नाही. कळलं तर काढून टाकतील मला." "मग काहून करून राह्यली माय? काहून?" अन् मग ती बोलाले लागली, थांबलीच नाही. म्हणे, "मला आठवतं तेव्हापासून रोज रात्री एक अलार्म. होस्टेलवर बाथरूममध्ये जाऊन गोळी खायची. डबीवरचं नाव खरवडून काढायचं. सहलीला गेलं तरी ती, लग्नात गेलं तरी ती. कोणी मुलगा नीट बोलला तरी आधी तीच आठवते. आणि घरी येते तर तू. तू पोती उचलतेस, भांडतेस, पायी आठवडी बाजारात जातेस. तुला काहीच नको. मी तुझीच आहे ना? मग मला का लागते? कदाचित लागतच नसेल. इतकी वर्षं मी उगाच भीत असेन. तूच शिकवलंस ना, कोणी सांगितलं म्हणून मानू नको, स्वतः तपासून पाहा." मग आवाज खाली आणून म्हणे, "आणि आई, तू एकटीच आहेस. एका माकडावरून काही सिद्ध होत नाही. दुसरं पाहिजे."

माहेच शब्द होते ते. विहारात भन्तेजी सांगत, अन् मी घरी येऊन त्या एवढ्याशा पोरीले सांगत जाय, की भगवंतानं सुद्धा म्हटलं माह्यावर विश्वास ठेवू नका, पाहा अन् मग माना. अंगाऱ्याच्या पुड्या मी जिच्यासाठी गटारात फेकल्या, तीच आता माह्यासमोर माहीच शिकवण घेऊन बसली होती, अन् मी तिले काय म्हणू? की तपासू नको? की मायचं ऐक, मायेनं सांगितलं म्हणून ऐक? ती उठून गेली. लाइन आली, चक्की आपोआप घरघरली, वर दाणा नव्हता, दगडावर दगड घासाले लागला तवा मी धावत जाऊन बटण बंद केलं. अन् तिथंच उभी राह्यली हात बटणावर ठेवून. मले समजलं. काय समजलं ते सांगतो, कारण ते समजल्यावर मी इतकी भेली की आयुष्यात तेवढी कधी भेली नाही, त्या दवाखान्यातल्या बाकावरही नाही. पोरगी माकडांवर भरवसा ठेवून गोळ्या सोडून नाही बसली. ती माह्यावर भरवसा ठेवून बसली. मी जितकी ठणठणीत दिसन, तितकी ती थांबन. मी पोतं उचललं की तिची हिंमत वाढते. मी खोकली नाही, मी पडली नाही, मी तिच्यासमोर तिखट वांगं दाबून खाल्लं, तर ती म्हणते, पाहा. अन् तिच्या अंगात काय चालू आहे ते मोजण्याच्या मधल्या महिन्यात कोण पाहते? चुकता चुकता तो आत सुधारला असन तर? ती डबा बंद करून हसत गाडीत बसन, अन् पुढच्या खेपेले मांडीवर आणाले लागन तिले.

मग मी गोळीचा विचार केला, माह्या गोळीचा, अन् खरं सांगतो, हात मागं आला. तीस वर्षं नाही म्हटलेलं आहे. मले त्या गोळीचीही भीती आहे. एकदा धरली की मरेपर्यंत सुटत नाही, चक्कर येते म्हणतात, पोट बिघडते म्हणतात, अन् कोण जाणे, इतकी वर्षं निजलेलं ते आत जागं झालं तर? अन् अजून एक. हे बोलाले लाज वाटते, पण बोलतो. हजारांत एक होती ना मी. दुसरं काय होतं माह्याजवळ? नवरा नाही, नाव नाही, पिठानं भरलेलं लुगडं. तेवढं एकच होतं की माही पोरगी दरवर्षी येते अन् माह्या रक्ताकडं सोनं असल्यासारखं पाहते. ते गेलं की मी कोण? सेंटरवरच्या रांगेतली एक बाई. मी सैपाकघरात उभं राहून रडली. तोंडावर पदर घेऊन रडली, अन् मग नाक पुसून तिच्या बॅगेतून एक डबी काढली.

पाच वाजता ती निळा डबा घेऊन बसली. नळ्या मांडल्या, सुई काढली, माह्या दंडाले रबराचा पट्टा आवळला. "मूठ आवळ," म्हणाली. मी मूठ आवळली नाही. दुसऱ्या हातातली डबी दातानं धरून प्लास्टिक फाडलं. तिले समजेपर्यंत झाकण उघडून गोळी माह्या तोंडात गेलती. मोठी होती. पाणीही घेतलं नव्हतं मी, घशात आडवी बसली, डोळ्यात पाणी आलं, पण गेली.

"आई! काय केलंस? थुंक! थुंक ती!" तिनं माहा जबडा धरला, मी लहान असल्यासारखा.

"गेली," मी म्हटलं.

तिनं माहा जबडा सोडला. मग स्वतःलेच म्हणाल्यासारखं म्हणे, "एका गोळीनं काही होत नाही. पंधरा दिवसांनी परत येईन मी. तोवर रक्त ठीक होईल."

"एक नाही. रोज घेईन. उद्या सकाळी सेंटरवर जातो अन् सांगतो, माह्या सुरू करा. खुशच होतील ते."

"तुला कळतं का तू काय बोलतेस? तुझ्यासारखी माणसं सापडत नाहीत, आई. तू गोळ्या घेतल्यास तर रक्तात काही मिळायचंच नाही. सगळं संपेल."

"संपू दे."

"आणि एकदा सुरू केली की मधे सोडता येत नाही. सोडली की तो उसळून येतो. जन्मभर घ्यावी लागेल. माहीत आहे का?"

"हाव का?" मी म्हटलं. "अन् तू कशी सोडली?"

माह्या दंडाचा पट्टा अजून तसाच होता, हात निळा पडाले लागलता, तिनं तो सोडवला अन् बोटांभोवती गुंडाळत बसली. मले वाटत होतं ही आता उठन, डबा घेईन, जाईन, अन् पुन्हा येणार नाही. तशी जिद्दी आहे ती, माह्यावरच गेली. मग तोंड वर न करता म्हणाली, "तू माझा पुरावा होतीस." अन् रडाले लागली, लहानपणी रडे तशी, आवाज न करता, ओठ वाकडे करून.

"मी तुही माय आहे वं," मी म्हटलं. "मले भेव वाटते, प्रियंका. खूप भेव वाटते. तू मरशीन याचं भेव वाटते मले. बस. दुसरं काही नाही माह्याजवळ सांगाले."

बाहेर कोणी तरी डबा घेऊन आलं, कांताबाई, कांताबाई म्हणून हाका मारल्या, अन् चक्की बंद पाहून गेलं. प्रियंकानं सुई परत पाकिटात घातली. नळ्या गोळा केल्या. निळ्या डब्यातला बर्फ पाघळून त्याचं पाणी ओट्यावर आलतं, ते तिनं फडक्यानं पुसलं, उगाचच, दोनदा. मग तिनं मी फोडलेली डबी उचलली, हातात फिरवली, तारीख पाहिली, अन् तळहातावर एक गोळी घेऊन किती तरी वेळ तिच्याकडं पाहत राह्यली.

"पाणी दे," ती म्हणाली.

मी पेला भरला. तिच्याजवळ नेईपर्यंतच अर्धं पाणी सांडलं. जेवढं उरलं तेवढ्यावरच तिनं गोळी गिळली.